अतिरिक्त व अनियमित ऋतुस्राव : कारणमीमांसा आणि उपचारांचा क्रम

कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आणि तेव्हापासून हे गाव त्या जिल्ह्यात मोडते. या परिसराचे जीवन शेतीवर अवलंबून आहे. कापसाची वेचणी, सोयाबीनची कापणी, हळदीची काढणी व निंदणी-खुरपणी ही कामे मुख्यतः स्त्रियांच्या हातची होत. अशा कष्टकरी स्त्रीला मासिक पाळीचा त्रास होऊ लागला म्हणजे ती त्याचे वर्णन फार थोड्या शब्दांत करते. ‘अंगावरून जाते’, ‘पाळी जास्त जाते’, ‘पाळी मागेपुढे होते’ अशी ही तक्रार असते. आणि गर्भाशयास लोकभाषेत ‘पिशवी’ म्हणतात, म्हणून तिच्या सांगण्याचा शेवट बहुधा ‘पिशवीचा त्रास आहे’ या वाक्याने होतो.

या शेवटच्या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. रक्तस्राव गर्भाशयातून होतो, म्हणून दोषही गर्भाशयाचाच असला पाहिजे, असे ते गृहीत होय. प्रत्यक्षात गर्भाशय पूर्णपणे निरोगी असूनही स्राव बिघडू शकतो. त्याचे कारण कधी मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत, कधी गळ्यातील अवटु ग्रंथीत, तर कधी रक्ताच्या गोठण्याच्या दोषात असते. रक्तस्राव हे लक्षण आहे; तो स्वतः रोग नव्हे. कारणाचा शोध न घेता लक्षणावर उपचार केला असता दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. एकतर स्त्री वर्षानुवर्षे सोसत राहते व रक्तक्षयाने खंगते, किंवा तिचे गर्भाशय अकारण काढले जाते. मराठवाड्यात हे दोन्ही अनर्थ घडत आले आहेत. प्रस्तुत लेखात ऋतुस्रावाचे प्राकृत स्वरूप, त्याच्या बिघाडाची कारणे आणि तपासणी व उपचार यांचा योग्य क्रम यांचे विवेचन केले आहे.

प्राकृत ऋतुचक्र

ऋतुचक्राची सूत्रे मेंदूतील अधश्चेतक केंद्र, त्याखालील पियूषिका ग्रंथी आणि बीजकोश यांच्या हाती असतात. चक्राच्या पूर्वार्धात बीजकोशातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे गर्भाशयाचा अंतःस्तर वाढून जाड होतो. चक्राच्या मध्यास बीज सुटते. त्यानंतर बीजकोशात तयार होणारा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक निर्माण करतो, आणि त्यामुळे वाढलेल्या अंतःस्तराला स्थैर्य येते. गर्भधारणा न झाल्यास पीतपिंड सुमारे चौदा दिवसांत कोमेजतो, दोन्ही संप्रेरके एकदम उतरतात, आणि अंतःस्तर सुटून रक्तासह बाहेर पडतो. आधार एकाच वेळी निघून गेल्यामुळे हा स्राव वेळेवर सुरू होतो व वेळेवर थांबतो.

ज्या महिन्यात बीज सुटत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन निर्माण होत नाही. अंतःस्तर केवळ वाढत राहतो, आणि शेवटी आधाराअभावी ठिकठिकाणी ढासळू लागतो. अशा वेळी पाळी महिना-दोन महिने लांबते आणि मग आली की पंधरा-वीस दिवस थांबत नाही. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत आणि रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील स्त्रियांत हा प्रकार विशेष आढळतो. त्यात गर्भाशयाचा काही दोष नसतो.

स्त्रीरोगशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ठरविलेल्या मर्यादांनुसार एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढील पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवसांचे अंतर प्राकृत होय. स्राव आठ दिवसांपेक्षा अधिक टिकू नये. दर पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, आणि ८० मिलिलिटर ही त्याची वरची मर्यादा मानली जाते. ही मर्यादा १९६६ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे हालबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीतून निघाली. याहून अधिक स्राव होणाऱ्या स्त्रियांत लोहाची उणीव स्पष्टपणे वाढलेली दिसली.

स्राव आणि लोह यांचा हिशेब

ही ८० मिलिलिटरची मर्यादा का, हे एका सोप्या हिशेबाने समजते. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ०.४ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे ८० मिलिलिटर रक्ताबरोबर ३२ मिलिग्रॅम लोह जाते. महिन्याच्या दिवसांवर ते वाटले असता दररोज एक मिलिग्रॅमहून थोडे अधिक होते. त्वचा व आतडे यांतून दररोज झिजणारे सुमारे ०.८ मिलिग्रॅम त्यात मिळविले म्हणजे स्त्रीला रोज दोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह शोषून घ्यावे लागते. ज्वारीची भाकरी, वरण आणि भाजी या आहारातील लोहापैकी साधारणतः पाच ते दहा टक्केच शरीरात शोषले जाते. आहारात रोज १५ मिलिग्रॅम लोह असले तरी हाती येते ते पाऊण ते दीड मिलिग्रॅम. येथे जमेपेक्षा खर्च मोठा आहे. हा तुटीचा व्यवहार काही वर्षे चालला की शरीरातील साठा संपतो, आणि मग धाप लागणे, छाती धडधडणे, पाय गळून जाणे ही लक्षणे उघड होतात.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आहाराची उणीव, जंत व वारंवारची बाळंतपणे ही त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. अतिरिक्त ऋतुस्रावाचा वाटा मात्र क्वचितच विचारात घेतला जातो, कारण तो विचारल्यावाचून सांगितला जात नाही.

न सांगितलेले दुखणे किती मोठे असते, हे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत केलेल्या व १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने जगापुढे आले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांत जननेंद्रियांचा कोणता ना कोणता विकार आढळला; पण त्याआधी अशी तपासणी व उपचार केवळ ८ टक्के स्त्रियांनाच लाभले होते.

घरच्या घरी मोजमाप

रक्त मिलिलिटरमध्ये मोजणे घरी शक्य नाही. तरीही विश्वासार्ह खुणा पुष्कळ आहेत. दर एक-दोन तासांनी कापड किंवा पॅड बदलावे लागणे, रात्री त्यासाठी उठावे लागणे, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणे, कपडे व अंथरूण भिजणे, पाळी आठ दिवसांहून अधिक चालणे, आणि त्या दिवसांत शेतावर किंवा शाळेत जाणे अशक्य होणे या खुणा आढळल्यास स्राव अतिरिक्त समजावा. अलीकडच्या व्याख्येनुसार तर स्त्रीच्या दैनंदिन जीवनात अडथळा आणणारा स्राव हाच अतिरिक्त स्राव होय. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाळी सुरू झाल्याची व थांबल्याची तारीख तीन महिने टिपून ठेवली, तरी वैद्याला निदानाची अर्धी वाट सापडते.

कारणांचे वर्गीकरण

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रदराचे, म्हणजे अतिरिक्त आर्तवस्रावाचे, दोषांनुसार प्रकार पाडलेले आहेत. एकाच लक्षणामागे अनेक कारणे असतात ही जाण जुनीच आहे. उपरोक्त आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ साली स्वीकारलेले व २०१८ साली सुधारलेले वर्गीकरण आज सर्वत्र वापरले जाते. गरोदर नसलेल्या स्त्रीतील कारणांचे त्यात नऊ गट पाडले आहेत.

पहिल्या चार गटांतील कारणे रचनेशी संबंधित असून ती डोळ्यांनी, सोनोग्राफीने किंवा सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात. अंतःस्तरावरील मांसांकुर, अंतःस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूंत शिरून गर्भाशय फुगणे, स्नायूंच्या गाठी म्हणजे फायब्रॉईड, आणि कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था अशी ती चार कारणे होत. उरलेल्या पाच गटांत रचना निर्दोष असते. रक्त गोठण्यातील दोष, बीज न सुटणे, अंतःस्तराच्या स्थानिक रक्तरोधक क्रियेतील बिघाड, औषधे वा तांबी यांसारख्या साधनांचे परिणाम, आणि अन्य अवर्गीकृत कारणे असे ते पाच गट होत. या दुसऱ्या भागातील बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेचे कारणच नसते.

वयाचा विचार निदानास फार उपयोगी पडतो. किशोरवयात बीज न सुटणे हे प्रमुख कारण असते; मात्र पहिल्या पाळीपासूनच स्राव भयंकर असेल, किंवा दात काढल्यावर वा जखम झाल्यावर रक्त लवकर थांबत नसेल, तर रक्तगोठणीचा आनुवंशिक दोष तपासला पाहिजे. प्रजननक्षम वयात सर्वप्रथम गर्भधारणेची शक्यता पडताळावी. गर्भपात किंवा नलिकेतील गर्भ यांमुळे होणारा रक्तस्राव पाळी समजून दुर्लक्षिला गेल्यास प्राणावर बेतते. चाळिशीनंतर फायब्रॉईड व संप्रेरकांचा असमतोल ही कारणे बहुधा आढळतात. पाळी कायमची थांबून एक वर्ष लोटल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, मग ते एकच थेंब का असेना, तर कर्करोग नाही याची खात्री करून घेणे अनिवार्य आहे.

दोन रूढ समजुती

पहिली समजूत कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसंबंधीची आहे. ‘ऑपरेशन झाले तेव्हापासून पाळी बिघडली’ असे अनेक स्त्रिया सांगतात. अमेरिकेत सुमारे साडेनऊ हजार स्त्रियांचा पाठपुरावा करून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नलिकाबंदीमुळे पाळीत सातत्याचा बिघाड होत नाही असे आढळले. येथे बहुतेक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया तरुण वयातच होते. पुढे वयोमानानुसार जो बदल होतो तो तिच्या माथी मारला जातो. तांबीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तांबीमुळे काही स्त्रियांत स्राव खरोखरच वाढतो.

दुसरी समजूत अधिक घातक आहे. पांढरे जाणे, कंबरदुखी आणि ‘पिशवीच्या तोंडाला जखम’ ही कर्करोगाची नांदी होय, अशी भीती अनेक स्त्रियांच्या मनात घातली जाते. गर्भाशयमुखावर दिसणारा लालसर भाग पुष्कळदा संप्रेरकांच्या प्रभावाने होणारा निरुपद्रवी बदल असतो, आणि पांढरा स्राव जंतुसंसर्गामुळे असल्यास औषधांनी बरा होतो. यांपैकी कशासाठीही गर्भाशय काढावे लागत नाही.

याचा अर्थ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची भीती निराधार आहे असा नव्हे. दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसणे आणि समागमानंतर रक्त जाणे ही त्याची लक्षणे असू शकतात. त्यावरचा उपाय म्हणजे वेळेवर तपासणी. आणि तिचे मोल सिद्ध करणारा मोठा अभ्यास मराठवाड्यातच झाला आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार विषाणूची चाचणी केवळ एकदा केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू, नेहमीच्याच सेवा मिळालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आले.

तपासणी व उपचार यांचा क्रम

प्रथम सविस्तर विचारपूस, मग गर्भधारणेची चाचणी व हिमोग्लोबिनची मोजणी, त्यानंतर गर्भाशयमुखाची प्रत्यक्ष तपासणी, आणि आवश्यकतेनुसार सोनोग्राफी व अवटु ग्रंथीची चाचणी असा तपासणीचा क्रम असावा. वय ४५ च्या पुढे असेल, किंवा औषधांनी गुण येत नसेल, तर अंतःस्तराचा लहानसा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. पूर्वी सर्रास होणारे ‘क्युरेटिंग’ हा उपचार म्हणून आता मानला जात नाही. त्याने मिळणारा आराम थोड्या काळापुरताच असतो.

कोणतेही कारण असो, लोहाची तूट भरून काढणे हा उपचाराचा पहिला भाग होय. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत; लिंबू किंवा आवळा यांच्याबरोबर लोहाचे शोषण वाढते. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात.

स्राव कमी करणाऱ्या औषधांत ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे प्रमुख आहे. जपानमधील उताको व शोसुके ओकामोतो या शास्त्रज्ञ दांपत्याने १९६२ साली ते जगापुढे आणले. गोठलेले रक्त पुन्हा विरघळविणारी क्रिया ते रोखते. पाळीच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच ते घ्यावयाचे असते. शिरांत रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णांना मात्र ते देत नाहीत. मेफेनॅमिक आम्लासारख्या वेदनाशामकांनी स्राव व पोटदुखी दोन्ही कमी होतात. बीज न सुटण्यामुळे बिघडलेल्या चक्रात उणे असलेले प्रोजेस्टेरॉन गोळ्यांच्या रूपाने दिले म्हणजे चक्र मार्गावर येते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत निर्माण झालेले सेंटक्रोमन हे संप्रेरक नसलेले औषध गर्भनिरोधक म्हणून १९९१ साली बाजारात आले, व शासकीय कार्यक्रमात ‘छाया’ या नावाने ते परिचित आहे. अतिरिक्त स्रावावरही वैद्य ते देतात. ही सर्व औषधे वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असतात.

गर्भाशयात बसविले जाणारे लेव्होनॉर्जेस्ट्रेलयुक्त साधन हा या उपचारांतील सर्वांत परिणामकारक मार्ग होय. त्यातून झिरपणारे संप्रेरक अंतःस्तर पातळ ठेवते, आणि काही महिन्यांत स्राव बहुतांशी घटतो. मांसांकुर दुर्बिणीच्या साहाय्याने काढता येतात, व गर्भाशय राखून फायब्रॉईडची गाठही काढता येते.

हे सर्व उपाय करूनही गुण न आल्यास, फार मोठ्या गाठी असल्यास किंवा कर्करोगाचे निदान झाल्यास गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया योग्य असते, आणि तेव्हा ती स्त्रीला खरोखर दिलासा देते. तिचे स्थान मात्र या क्रमाच्या शेवटी आहे.

क्रम उलटला म्हणजे

हा क्रम उलटल्यास काय घडते, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढण्याचे प्रमाण फार मोठे असल्याचे २०१९ साली उघडकीस आले, व राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय मागील दहा वर्षांत काढलेले आढळले, म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एकीचे. त्यांपैकी अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयोगटासाठी हे प्रमाण देशभरात सुमारे तीन टक्के आहे.

या आकड्यामागची साखळी ध्यानात घेतली पाहिजे. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. आणि एखादा दिवस काम चुकल्यास ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. फडात शौचालय नाही, स्वच्छ पाणी नाही, कापड बदलण्यास आडोसा नाही. अशा स्थितीत जंतुसंसर्ग होतो, पाळीचे दिवस कामाला अडचण ठरतात, आणि खाजगी रुग्णालयात कर्करोगाची भीती दाखविली गेली म्हणजे एकदाच ‘पिशवी काढून’ मोकळे होण्याचा सल्ला पटतो. मुले झाली, आता पिशवीचे काम काय, हा घरातल्यांचा युक्तिवादही त्यास साहाय्य करतो.

परंतु अशी सुटका पुष्कळदा खरी ठरत नाही. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले तर रजोनिवृत्ती तत्काळ ओढवते; हाडे ठिसूळ होणे व हृदयविकार यांचा धोका वाढतो. बीजकोश राखले तरी ते काही वर्षे आधी निकामी होण्याची शक्यता असते. पस्तिशीतल्या स्त्रीपुढे अजून तीस वर्षांचे कष्ट उभे असतात, आणि शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज फेडण्यासाठी तिला पुन्हा फडातच जावे लागते.

बीडच्या घटनेनंतर तेथील खाजगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती आवश्यक करण्यात आली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि राजस्थानातील डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत अंमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला.

उपसंहार

अनुमतीच्या नियमाने अनावश्यक शस्त्रक्रिया अडते, परंतु त्यायोगे त्या स्त्रीचा रक्तस्राव थांबत नाही. तो थांबावयाचा तर क्रमाची पहिली पायरी गावातच उपलब्ध असली पाहिजे. नरसी नामदेवसारख्या गावातील स्त्रीची ‘आशा’ कार्यकर्तीशी नित्य गाठ पडते. पाळीच्या तारखा विचारणे, वर सांगितलेल्या खुणा समजावून देणे, हिमोग्लोबिन तपासण्यास नेणे आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत की नाही हे पाहणे, यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. सोनोग्राफी व तज्ज्ञांच्या तपासणीसाठी हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय, आणि त्याहून अवघड रुग्णांसाठी नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल व लोहाच्या गोळ्या ही काही दुर्मिळ औषधे नव्हेत. दुर्मिळ आहे ती विचारपूस, आणि सांगितलेले ऐकून घेण्याची सवड.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक स्त्रीला चार प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. स्रावाचे कारण काय आढळले? ते कोणत्या तपासणीत दिसले? त्यावर औषध देऊन पाहिले काय? आणि बीजकोश राखले जाणार की नाही? ज्या सल्ल्याला या चार प्रश्नांची उत्तरे देता येतात, तो स्वीकारण्यास हरकत नाही. उत्तरे मिळत नसतील, तर प्राणावर बेतलेला रक्तस्राव नसताना दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेईपर्यंत थांबल्याने काही बिघडत नाही. काढलेले गर्भाशय मात्र परत बसविता येत नाही.